ट्रेनिंगमधून ‘मला परत यायचंय’ असा फोन आला तर आईबापांनी काय म्हणावं?

वारणाकाठ:
माझं मत आधी सांगतो. फौजेचे अधिकारी घडवणारी एनडीए असो नाहीतर जवान घडवणारं बेळगावचं मराठा सेंटर, पहिल्या दोन-तीन महिन्यांत पोराचा असा फोन आला तर घरच्यांनी ‘ये’ म्हणू नये. काळजावर दगड ठेवावा आणि नाही म्हणावं.

आमचा मुलगा खडकवासल्याला, एनडीएत आहे. तीन वर्षं, सहा टर्म, त्यांत पहिली सगळ्यात जड. पहाटेपासून पीटी, ड्रिल, मग वर्ग, पुन्हा मैदान, रात्री सीनियर. ड्रिलची परीक्षा पास होईपर्यंत रविवारी बाहेरही सोडत नाहीत. हिनं सुरुवातीला जेवताना मोबाईल ताटाशेजारी ठेवायचा नेम धरला होता. अनोळखी नंबर दिसला की हातातला घास खाली. असाच एकदा फोन आला आणि पोरगं म्हणालं, पप्पा, मला घेऊन जा. हिनं लगेच बॅग काढली. मी म्हणालो, कुणी कुठं जायचं नाही. आज तोच पोरगा सुट्टीला आला की चौथ्या दिवशी परत जायची भाषा करतो.

अठरा वर्षांचं, झोप न झालेलं पोर त्या घडीला जे बोलतं तो त्याचा निर्णय नसतो. तो शीण असतो. आईबापानं शिणाला होकार देऊ नये, एवढंच म्हणणं. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

मुळामुठा:
मला पटत नाही. माझी मुलगीही तिथंच आहे. एनडीएत मुली 2022 पासून घ्यायला लागले. पहिल्या तुकडीतल्या 17 जणी 30 मे 2025 ला पास आउट झाल्या, तो दिवस आमच्या घरात सणासारखा गेला. तेव्हा मी काही ‘पोर सुकली हो’ म्हणून गळा काढणारी आई नाही.

पण तिचा फोन आला तेव्हा मी ‘ये’ही म्हटलं नाही आणि ‘येऊ नकोस’ही म्हटलं नाही. विचारत गेले. झोपतेस किती? जेवण जातंय का? कुठं लागलंय का? तिसऱ्या प्रश्नाला गप्प झाली. नडगी दुखत होती, कितीतरी दिवस, आणि ती तशीच पळत होती. का, तर आजारी म्हणून दिवस बुडाले की रेलिगेशन होईल, म्हणजे एक टर्म मागे, सोबतच्या मुली पुढे. मी सांगितलं, आज एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात जा, नाहीतर मी तुझ्या अधिकाऱ्यांना फोन करते. गेली. हाडाला बारीक चीर निघाली. नव्यानं इतकं पळणाऱ्यांमध्ये हे होतं, मुलींमध्ये जास्त होतं.

वारणाकाठ, तुमच्यासारखं तिथंच ‘नाही’ म्हणून फोन ठेवला असता तर ती त्याच पायावर पळत राहिली असती. ‘परत यायचंय’ या वाक्याच्या आत काय आहे ते आधी बघायला नको का?

माजी हवालदार:
मी वारणाकाठ यांच्या बाजूनं. सेंटरला उस्ताद म्हणून रंगरूट घडवलेत. पहिल्या महिन्यात रडत नाही असं पोरगं मी बघितलं नाही. पैलवान रडतात. ट्रेनिंग संपल्यावर शपथेच्या कसम परेडला तीच पोरं छाती काढून चालतात.

पण पालकांना एक कळकळीनं सांगायचंय. पोराला मिळतात फोनची चार-पाच मिनिटं. त्यात तुम्ही काय सांगता? म्हैस आजारी पडली. चुलत्यानं बांध कोरला. आज्जीनं तुझं नाव घेऊन जेवण सोडलंय. आता त्या पोरानं तिथं बसून काय करायचं? रात्रभर छताकडं बघतं आणि सकाळी फायरिंगला चुकतं. मग त्याला रगडा मिळतो आणि दोष ट्रेनिंगला. आमच्या वेळी आंतरदेशीय पत्र यायचं, पंधरा दिवस जुनं. घरचा तंटा आमच्यापर्यंत पोचायच्या आत मिटलेला असायचा.

आज्जीला जेवू घाला आणि पोराला सांगा, आज्जी झकास आहे. आणि आईबापांच्या काळजाचं फौजेला काही नाही असं समजू नका. बऱ्याच सेंटरांत आता कसम परेडला आईबापांनाही बोलावून गौरव पदक देतात.

कोरडवाहू:
तुम्ही सगळे ‘धीर’ म्हणताय. आमच्याकडं त्याला वेगळं कारण आहे, ते कुणीतरी बोललं पाहिजे म्हणून लिहितोय.

धाकटा भाऊ अग्निवीर आहे. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के कायम. पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 9,000 सेवा निधीला, म्हणजे चार वर्षांनी मिळणाऱ्या रकमेला, हातात 21,000. भरतीच्या आधी दोन वर्षं अकॅडमीची फी, राहणं, खुराक, सगळं उसनवारीवर. त्याचा फोन आला तेव्हा आई-दादा ‘दम धर’ म्हणाले, ते त्याच्या भल्यासाठी म्हणाले का कर्जासाठी, हे आम्ही घरात कुणीच नीट सांगू शकत नाही. वरून नियम असा की अग्निवीराला स्वतःच्या मर्जीनं मधेच सोडता येत नाही, अगदी अपवादात्मक कारण असेल तरच वरच्या परवानगीनं.

आणि गावाचं बघा. निकाल लागला की चौकात फ्लेक्स. उघड्या जीपमधून मिरवणूक, डॉल्बी, सरपंचाच्या हस्ते सत्कार. पोरानं अजून बूट घातले नाहीत आणि फ्लेक्सवर युनिफॉर्ममधला फोटो, तोही जोडलेला. आता तो परत येणार कोणत्या तोंडानं? तुम्ही ‘ये’ म्हणा नाहीतर ‘येऊ नको’ म्हणा, चौकानं आधीच ‘येऊ नको’ सांगितलेलं असतं. घर-गाव सोडून गेलेल्या पोराला आपण एकटं पाडतो ते असं.

सदाशिव पेठ:
एनडीएबद्दल थोडी माहिती, कारण बरेच पालक कागद न वाचता सही करतात. तुमच्याकडून दोन गोष्टी लिहून घेतात. एक, प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाई मागण्याचा हक्क नाही हे समजल्याचं प्रमाणपत्र. दुसरा बाँड: मुलानं स्वतःच्या कारणानं मधेच सोडलं किंवा पुढे कमिशन, म्हणजे अधिकारीपद, नाकारलं तर शिकवणी, जेवण, कपडे यांचा खर्च सरकार ठरवेल तेवढा परत करावा लागेल.

यातली पहिली सही मला जास्त बोचते. प्रशिक्षणात जायबंदी होऊन बाहेर पडलेल्या कॅडेटला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, कारण त्याचं कमिशन झालेलंच नसतं. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून यात लक्ष घातलं, त्यानंतर अशा मुलांना ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या उपचारांची सोय खुली झाली. पण हा प्रश्न कितीतरी वर्षं तसाच पडून होता. म्हणून ‘सहन कर’ म्हणणाऱ्या प्रत्येक पालकानं मुळामुठा यांचा प्रतिसाद दोनदा वाचावा.

वारणाकाठ:
सगळं वाचलं. दुखणं असेल तर डॉक्टर, त्यात दुमत कुणाचं असेल? मी बोलतोय ते मन न लागण्याबद्दल. आणि तिथं मी ठाम आहे. मन लागायला वेळ लागतो, आणि तो वेळ पोराला मिळवून द्यायचा तर घरानं डळमळून चालत नाही.

कोरडवाहू, फ्लेक्स आमच्याही चौकात लागला होता. आमच्या भागात घराघरांतून फौजेत जाणारी गावं आहेत. सातारजवळच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात गेलेले 46 जण परत आले नाहीत, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. अशा मुलखात पोरगं निवडलं गेलं की गावानं नाचू नये का?

परत आलेला:
मी तुम्ही सगळे ज्याच्याबद्दल बोलताय तो मुलगा. कुठली अकादमी ते सांगत नाही. पहिल्या टर्ममध्ये सोडली. इजा नव्हती, शीणही नव्हता. शारीरिक ट्रेनिंगमध्ये मी चांगला होतो. मला ते आयुष्य नको होतं आणि ते तिथं गेल्यावर कळलं, घरात बसून कळलं नसतं.

बाबांनी महिनाभर ‘थांब’ म्हटलं. मी थांबलो. मग पुन्हा तेच म्हणालो, शांतपणे. तेव्हा ते आले, पैसे भरले, मला घेऊन गेले. वारणाकाठ काका, तुम्ही म्हणता तसा तो महिना मला हवाच होता. पण त्या महिन्यानंतर कुणीतरी माझं ऐकलं म्हणून मी ठीक आहे. नंतर वर्षभर लग्नकार्यात ‘काय रे, झेपलं नाही का’ हे ऐकलं. ते विचारणाऱ्यांत मिरवणुकीत पुढे नाचलेले जास्त होते.

कोरडवाहू:
हेच म्हणत होतो.

नवीन सदस्य:
माझा मुलगा पुढच्या आठवड्यात बेळगावला रुजू होतोय. घरात मी आणि तो, दोघंच. त्याच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलंय, पण बसस्टँडवर जमेल का माहीत नाही. माजी हवालदार, तुम्ही सांगा.

माजी हवालदार:
ताई, रडा. त्यानं काही बिघडत नाही. आई रडली म्हणून कुणी ट्रेनिंग सोडून आलेलं मी बघितलं नाही. ट्रंकेला चांगलं कुलूप घ्या, दोन किल्ल्या असलेलं. एक किल्ली तुमच्याकडं ठेवू नका, दोन्ही त्याला द्या, एक हरवतेच. बूट मिळतील, मोजे जास्तीचे सुती द्या. आणि फोन आला की तुमचं काय चाललंय ते आधी सांगा, तुम्ही जेवताय, कामावर जाताय. एकट्या आईची पोरं पहिला प्रश्न तोच विचारतात.

मुळामुठा:
ताई, मला व्यक्तिगत निरोप करा, नंबर देते. माझ्या मुलीच्या वेळी मला कुणीतरी असं हवं होतं.

वारणाकाठ, ‘थांब’ म्हणण्यावर आता मी तुमच्याशी भांडत नाही, त्या मुलाचं वाचल्यावर तर नाहीच. फ्लेक्सवर मात्र भांडणार. नाचा की, पण पासिंग आउटला नाचा. तोवर ते पोर आपलं आणि त्या अकादमीचं, चौकाचं नाही.