श्रोत्यांतून टिपलेल्या खरखरीत ध्वनिमुद्रणाला मैफलीचा मान द्यावा का?

टिळकवाडी, बेळगाव : पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडने फेब्रुवारी १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात 'डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमचे संगीत सलग सादर केले, अल्बम मात्र आला मार्च १९७३ मध्ये. त्या कार्यक्रमाचे श्रोत्यांतून कुणी टिपलेले ध्वनिमुद्रण मी काल रात्री हेडफोन लावून ऐकले. आवाज विहिरीतून यावा तसा येतो, बास घुमतो, मध्येच कुणी खोकते. तरीही अल्बममध्ये जिथे गायिका क्लेअर टोरी यांचा शब्दांवाचूनचा आलाप आहे, तिथे इथे बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांचा ऑर्गन आणि धर्मग्रंथातील पठण ऐकू येते, आणि 'ऑन द रन' या रचनेच्या जागी गिटारची मुक्त जुगलबंदी आहे. चीज बांधली जात असताना ऐकण्याचे हे सुख कोणत्याही स्वच्छ प्रतीत मिळत नाही.

निपाणी : आपले म्हणणे मला पटत नाही. याच अल्बममधील 'मनी' या गाण्याची सात मात्रांची चाल बास गिटारवरच उभी आहे. तोच घुमून गढूळ झाला, तर गिटारच्या सोलोत चाल चार मात्रांवर जाते तो पालट कळावा कसा? त्याहून गंभीर गोष्ट अशी, की कलावंताने अजून पुरे न केलेले काम कुणीतरी त्याच्या संमतीवाचून टिपले आणि अल्बम येण्यापूर्वीच त्याच्या तबकड्या विकल्या गेल्या.

खानापूर : विक्रीचे समर्थन मीही करणार नाही. परंतु गढूळ आवाजात संगीत उरतच नाही, हे मान्य नाही. किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडने १९७२ साली 'अर्थबाउंड' हा अल्बम कॅसेटवरील ध्वनिमुद्रणातून स्वतःच काढला, आणि दर्जाच्या कारणाने अमेरिकेतील कंपनीने तो नाकारला, तरी बँडने तो मागे घेतला नाही. आमच्या घरी, आपल्याच जिल्ह्यातील सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या एका खासगी मैफलीची कॅसेट आहे. तंबोऱ्याबरोबर पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली, की वडील आवाज कमी न करता वाढवतात, कारण त्यानंतरच्या तानेवर त्यांचा जीव आहे.

निपाणी : त्या मैफलीत ध्वनिमुद्रणाचे यंत्र गायकासमोर उघड ठेवलेले होते का, एवढे वडिलांना विचारून कळवावे; माझा मुख्य आक्षेप त्यावरच अवलंबून आहे. 'मनी' मी आज पुन्हा ऐकेन, मात्र हेडफोन बाजूला ठेवून स्पीकरवर, हाताने मात्रा मोजत.