उथळ तळं दुपारी गढूळ, पहाटे मासे वर: चार मीटर खोल करावं का?

राऊकर
इंदूरजवळच्या गावतळ्यात मार्चअखेर जेमतेम दीड मीटर पाणी उरतं. सकाळी बरं दिसतं, दुपारी वारा सुटला की चहासारखं होतं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. जेसीबी लावून सगळं तळं खोल करायचं घाटतंय. करावं का?

थाळीवाला
आधी गढूळपणा कशाचा ते पाहा. पारदर्शक बाटली भरून एक दिवस न हलवता ठेवा. तळाशी थर बसला तर वाऱ्यानं ढवळलेला गाळ. पाणी मातकटच राहिलं तर काळ्या मातीचे अतिबारीक कण. ते दिवसेंदिवस खाली बसत नाहीत. वर हिरवी साय धरली तर शेवाळ, म्हणजे सांडपाणी कुठून येतंय ते शोधा.

मग 20 सेंमी व्यासाच्या थाळीचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा आणि वजन बांधून सावलीच्या बाजूनं सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती, दोन्हींची सरासरी घ्या. 30 सेंमी आली तर कामापुरता उजेड साधारण 60-70 सेंमीपर्यंतच. मग तळाशी हायड्रिला (पाण्याखाली वाढणारी वनस्पती) उगवणार कशी? आणि मुळं नसली की गाळ धरून ठेवणारं कुणी उरत नाही.

जलकुंभी_हटाव
30 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, इंदूरच्या उंचीवर त्याहून थोडा कमीच. रात्री शेवाळ, मासे, गाळातले जिवाणू सगळेच तो खातात. म्हणून ऑक्सिजन मोजायचा मीटर सूर्योदयाआधी बुडवा. दुपारचा आकडा फसवा असतो. 2 मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे वर येणारच. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत चालवा.

जलकुंभी (पुण्याकडची जलपर्णी) जरूर काढा, पण काठावर रचू नका. कुजून पहिल्या पावसात सगळं खत परत तळ्यात. हायड्रिला मात्र सरसकट उपटू नका.

बडोदेकर
सगळं तळं खोल करू नका. डभोईजवळचा वढवाणा तलाव बडोदे संस्थानानं सिंचनासाठी बांधला, 2021 मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) गेला. तिथेही पक्ष्यांची गर्दी उथळ पाण्यावरच. चांदवे हे पाणपक्षी बुडी मारून पाणवनस्पती खातात, चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना घोट्याएवढं पाणी लागतं. उभे काठ कापले की दोन्ही गेलं. मध्ये एकच डोह काढा, कडेला दहा मीटरला एक मीटर उतार ठेवा.

एक विचारायचं राहिलं: तळ्यात कॉमन कार्प मासे सोडलेत का? तो तळ उकरूनच खातो.

राऊकर
सोडलेत. बाटली आजच भरून ठेवतो.

थाळीवाला
मग वारा नसलेल्या सकाळीही थाळी सोडून पाहा. तेव्हाही 30 च आली तर आधी कार्प काढा, जेसीबीचं मग बघू.