‘डिलिव्हर्ड’ दाखवतंय, पार्सल कुठाय? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी-३०४: नमस्कार सगळ्यांना. काल संध्याकाळी कुणाकडे चुकून आमचं पार्सल आलंय का? वीतभर खाकी खोकं आहे. आईंसाठी बीपीचं मशीन मागवलं होतं. अ‍ॅपवर ५.४० ला ‘डिलिव्हर्ड’ आलं. तेव्हा मी आणि आई दोघी घरातच होतो. बेल वाजली नाही, फोनही आला नाही.

ए-१०२: आमच्याकडे नाही ताई. गेटवर विचारलंत का?

बी-३०४: विचारलं. रजिस्टर पानं उलटून पाहिलं, त्या वेळेची कुठल्याच कुरियरवाल्याची नोंद नाही.

सी-५०१: मागे आमचा मिक्सर असाच गेला. स्पष्ट बोलतो, वॉचमनकडे नीट चौकशी करायला हवी. गेटवरून वस्तू जातातच कशा?

बी-३०४: दादा, वॉचमनकाकांचं नाव यात नको. पार्सल गेटपर्यंत आलंच नाही, तर ते काय करणार? अ‍ॅपवर पुरावा म्हणून फोटो दिलाय, तो टाकते. नीट बघा.

बी-३०४: 📷 फोटो

बी-३०४: दाराला हिरवी जाळी, खाली पांढरी टाइल, कोपऱ्यात निळा चप्पल स्टँड. आपल्या तिन्ही विंगच्या पॅसेजमध्ये कोटा फरशी आहे. हे आपल्या सोसायटीतलं दारच नाही.

ए-४०२: वहिनी, ही टाइल शेजारच्या फेज २ ची. माझी बहीण तिथेच राहते. त्यांच्याकडेही बी-३०४ आहे! तिला जाऊन बघायला सांगते.

सी-२०३: कस्टमर केअर काय म्हणतंय?

बी-३०४: आधी म्हणाले दोन दिवस थांबा. आज चॅटवर कळवलं की ‘आमच्या नोंदीनुसार वस्तू पोचली आहे, तक्रार बंद करत आहोत’. फोटोतलं दार माझं नाही हे तीनदा लिहिलं, तर तेच उत्तर पुन्हा चिकटवलं.

ए-१०२: माझा भाचा एका कुरियरच्या हबवर आहे. तो सांगतो, पोरांवर दिवसाच्या आकड्याचं फार दडपण असतं. पार्सल परत नेलं तर ते त्यांच्या नावावर न पोचलेलं म्हणून मोजलं जातं. म्हणून काही जण आधीच ‘डिलिव्हर्ड’ दाबतात आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी आणून देतात. त्यामुळे वस्तू एखाद्या दिवसाने येऊही शकते. पण तक्रार त्याच दिवशी टाकावी, वाट बघत बसू नये.

बी-१०१ काका: ताई, आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. वस्तू मिळाली नाही हे तुम्ही सिद्ध करायचं, असं तुम्हाला वाटायला लावलं जातंय. वस्तू तुमच्या हातात पोचवायचे पैसे त्यांनी घेतलेत, तेव्हा ती पोचली हे त्यांनी दाखवावं. आणि त्यांनी दाखवलेला फोटो तर दुसऱ्याच दाराचा निघाला. म्हणजे त्यांच्याच चुकीचा पुरावा त्यांनी तुमच्या हातात दिलाय. चॅटवर भांडण्यात वेळ घालवू नका. तिथला माणूस पडद्यावर दिसतं तेवढंच वाचतो.

कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, लेखी तक्रार करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. ऑर्डरची पावती, तो फोटो, तुमच्या दाराचा आणि फरशीचा फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट, सगळं जोडा. तिथेही हात वर केले तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, पण कंपनीकडे तक्रार पोचवून उत्तर मागतात. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

सी-२०३: आणि नाहीच मिटलं तर? दीडदोन हजारांसाठी कोर्टात कोण जाणार काका?

बी-१०१ काका: हाच हिशोब समोरचाही करतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जायला नको. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. सरकारच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. वेळ लागतो, ते खोटं सांगणार नाही. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेत चार्जबॅकचा, म्हणजे कार्डावरचे पैसे परत मागायचा, अर्जही आजच करा, त्याला मुदत असते.

सी-२०३: आमचं वेगळंच झालं. मोबाइल मागवला होता. मुलगा फोनवर म्हणाला, ‘मॅडम, खाली उभा आहे, ओटीपी सांगा, गार्डकडे ठेवतो.’ सासूबाईंनी सांगून टाकला. खाली गेलो तर ना मुलगा, ना मोबाइल. कंपनी म्हणते, ओटीपी दिला म्हणजे वस्तू मिळाली. सासूबाई अजून स्वतःला बोल लावतात.

बी-१०१ काका: त्यांना सांगा, दोष फसवणाऱ्याचा आहे. तो कॉल कुठल्या नंबरवरून, किती वाजता आला ते तक्रारीत लिहा. पोलिसांतही लेखी द्या.

बी-३०४: अजून एक, फार महत्त्वाचं. काल रागाच्या भरात मी कंपनीचा नंबर गूगलवर शोधायला निघाले होते, यांनी थांबवलं. तिथे खोटे कस्टमर केअर नंबर पेरलेले असतात. रिफंड देतो म्हणून एखादं अ‍ॅप टाकायला लावतात, आपला स्क्रीन बघतात आणि खातं रिकामं करतात. नंबर फक्त अ‍ॅपमधूनच घ्या. कुणाचे पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. घरातल्या मोठ्यांनाही हे सांगून ठेवा.

सेक्रेटरी: सर्वांचं वाचलं. गेटवर ‘पार्सलची जबाबदारी सोसायटीची नाही’ असा बोर्ड लावायचा विचार आहे.

बी-३०४: सर, बोर्ड लावा, पण त्याने पार्सल मिळणार नाही. पार्सल गेटवर राहिलं तर फ्लॅट नंबर, वेळ आणि मुलाची सही, एवढं रजिस्टरमध्ये यायलाच हवं. आणि कुणाचाही ओटीपी गेटवरून द्यायचा नाही, हे वॉचमनकाकांना कमिटीने स्वतः सांगावं. उद्या काही झालं तर बोट त्यांच्याकडे जाऊ नये.

सेक्रेटरी: मान्य. नवीन रजिस्टर उद्या ठेवतो. सीसीटीव्ही १५ दिवसांनी पुसलं जातं, कालचं फुटेज आजच पेन ड्राइव्हवर काढून देतो.

ए-४०२: वहिनी, बहीण जाऊन आली. दार फोटोतलंच आहे, तोच निळा स्टँड. पण तो फ्लॅट भाड्याचा, दोन महिने रिकामा. बाहेर काहीच नाही. त्यांच्या सेक्रेटरींना सांगून ठेवलंय.

बी-३०४: खूप आभार. तिला दाराचा फोटो काढायला सांग ना, फ्लॅट नंबरची पाटी दिसेल असा. तक्रारीला जोडते.

ए-१०२: तोवर आमचं बीपीचं मशीन घेऊन जा ताई. आईंचं रोज मोजायचं असेल ना?

बी-३०४: हो, औषध बदललंय. सातला येते.

सी-५०१: काका, मिक्सरची ऑर्डर मार्चमधली आहे. तेव्हा फोनवरच बोललो, लेखी काही नाही. आता चालेल का?

बी-१०१ काका: आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. ऑर्डरची पावती काढा, ग्रीव्हन्स ऑफिसरचं नाव आणि संपर्क अ‍ॅपवर द्यावाच लागतो, तो शोधा. मजकूर लिहून मला पाठवा, बघून देतो.