जेंटामायसिननंतर आईचा तोल गेला, ऐकणेही कमी झाले. तपासण्या, व्यायाम आणि जनुकचाचणीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही फोंड्याजवळचे. आई ६८ वर्षांची. मार्चमध्ये मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाला म्हणून ती एका रुग्णालयात होती. तिथे १८ दिवस जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शने चालली. ताप उतरला, ती घरी आली आणि तिसऱ्या दिवशी न्हाणीत डोळे मिटून डोक्यावर पाणी ओतताना कोसळली.

पुढचे चार महिने प्रत्येक कागदावर 'चक्कर' लिहिले गेले आणि चक्करीच्या गोळ्या बदलत राहिल्या. आई मात्र पहिल्या दिवसापासून सांगत होती, "म्हाका घुंवळ येना गो, जमीन हालता" (मला चक्कर येत नाही गं, जमीन हलते). खरेच, घर गरगर फिरत नव्हते. खुर्चीत बसली की ती ठणठणीत असे. उठून चार पावले टाकली की भिंत धरायची. जूनमध्ये एकदा संध्याकाळी वीज गेली, तेव्हा तुळशीपासून ओट्यापर्यंतचे दहा पावलांचे अंतर तिला एकटीला कापता आले नाही. म्हार्दोळला देवळाकडे चालताना समोरची पाटी तिला वाचता येईना, अक्षरे उड्या मारतात म्हणाली. मी तिला थांबवले. थांबल्यावर तीच पाटी तिने घडाघडा वाचली. नजर अधू नव्हती, हे मला त्या क्षणी कळले.

शेवटी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी तिचे डोके दोन्ही हातांत धरून झटकन बाजूला वळवले. नजर त्यांच्या नाकावर ठेवायची होती. ती दर वेळी घसरली आणि मागाहून परत आली. मग कानात थंड आणि कोमट पाणी सोडून पाहिले, दोन्हीकडून जवळजवळ काहीच प्रतिसाद नाही. (रॉबर्ट बारानी यांना १९१४चे नोबेल मिळाले ते याच पाण्याच्या चाचणीशी जोडलेल्या कामासाठी.) निदान असे: दोन्ही आंतरकर्णांतला तोलाचा भाग औषधाने निकामी. ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात) १००० हर्ट्झपर्यंत ठीक, ४००० आणि ८०००च्या बारीक आवाजांना मोठी घसरण. पदेराची (पाववाल्याची) पों पों तिला ऐकू येते, 'सात' आणि 'आठ' यांत मात्र गोंधळ होतो. चक्करीच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या, कारण त्या दीर्घकाळ घेतल्या तर मेंदूचे जुळवून घेणे मंदावते.

मी मिळेल ते वाचले. तोल तीन गोष्टींवर उभा असतो: डोळे, तळपाय-सांधे आणि आंतरकर्ण. तिसरा गेला की अंधारात किंवा मऊ जमिनीवर माणूस उघडा पडतो. जेंटामायसिनच्याच गटातल्या स्ट्रेप्टोमायसिनने तोल गमावलेल्या एका डॉक्टरने १९५२ साली स्वतःचा अनुभव छापला होता. नाडीच्या ठोक्याने डोके हलून अक्षरे पुसट होत, म्हणून तो पलंगाच्या दोन गजांमध्ये डोके अडकवून वाचत असे. मी हे आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे मला वेड लागलेले नाही." चार महिने तिच्या मनात हे चालले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता.

उपचारांच्या संशोधनाबद्दल मला समजले ते एवढे. पक्ष्यांच्या आंतरकर्णातल्या केसपेशी (आवाज आणि हालचाल टिपणाऱ्या पेशी) नष्ट झाल्या तरी पुन्हा उगवतात, हे १९८०च्या दशकात दिसले. माणसाच्या ऐकण्याच्या केसपेशी तशा परत येत नाहीत. त्या उगवाव्यात म्हणून तयार केलेले एफएक्स-३२२ हे औषध २०२३मध्ये चाचणीत अपयशी ठरले. २०२४मध्ये चीनमधल्या जन्मतः बहिऱ्या मुलांना जनुकोपचाराने ऐकू आल्याची बातमी खरी आहे, पण ती ओटोफर्लिन या एकाच जनुकाच्या दोषाची. तोलासाठीच्या इम्प्लांटचे ८ रुग्णांवरचे निष्कर्ष अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सने २०२१मध्ये छापले. चाल सुधारली, पण ज्या कानात बसवले त्या कानाचे ऐकणे कमी झाले.

आता मला खरी काळजी वेगळीच आहे. माझ्या मामाला तरुणपणी क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिन दिले होते आणि तेव्हापासून तो जवळजवळ बहिरा आहे. मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रातल्या) १५५५ ए-जी या जनुकीय बदलामुळे काही घराण्यांत अशी इंजेक्शने कानाला फार लवकर बाधतात आणि तो बदल आईकडून मुलांकडे येतो, असे वाचले. मला दोन मुले आहेत. ही चाचणी करावी का? गोव्यात तोलाचे व्यायाम नीट शिकवणारे फिजिओथेरपिस्ट कोणाला माहीत आहेत का? आई कोकणी-मराठीतच मोकळी होते. आणि डोके झटकून पाहण्याची ती चाचणी कॅमेऱ्याने मोजून करायची तर कुठे जावे?

प्रतिसाद

ताई, मी ऑडिओलॉजिस्ट आहे. तुमच्या आईपेक्षा मामाची हकिगत मला जास्त महत्त्वाची वाटते. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन एरवी तोलाला जास्त बाधतात, आईचे चित्र तसेच आहे. मूत्रपिंड आजारी असताना १८ दिवसांचा डोस त्यासाठी पुरेसा असतो. १५५५ बदलात उलटे होते: ऐकणे जाते, तोल बहुधा टिकतो. मामाला किती इंजेक्शने झाली होती, ते विचारा. थोडक्यांत कान गेले असतील तर चाचणी जरूर करा. आधी एकट्या आईच्या रक्ताची केली तरी चालेल. तिच्यात नसेल तर तुम्हा भावंडांतही तो येणार नाही. असेल तर तुमच्या मुलांच्या कागदपत्रांवर ठळक लिहा: अमिनोग्लायकोसाइड (जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन यांचा गट) टाळावे. मामाच्या मुलांना भीती नाही, वडिलांकडून हा बदल येत नाही.

तपासणीसाठी आधी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) कान-नाक-घसा विभागात विचारा. तिथे सोय नसेल तर म्हैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेला किंवा मुंबईच्या अली यावर जंग संस्थेला फोन करा. व्यायामासाठी थांबू नका. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर एक अक्षर चिकटवा, हातभर अंतरावरून ते स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगाने डोके 'नाही नाही' हलवायचे. सुरुवातीला खुर्चीत बसून, आणि शेजारी कोणीतरी हवेच. श्रवणयंत्रही लांबवू नका. रात्री न्हाणीच्या वाटेवर दिवा चालू ठेवा.

प्रतिसाद (धागाकर्ती)

मनापासून आभार. मामीला फोन केला. ती म्हणते, मामाला मोजून नऊ इंजेक्शने झाली होती. दहाव्याच्या दिवशी त्याला नर्सचे बोलणे ऐकू आले नाही, म्हणून थांबवली. आजीलाही चाळिशीतच कमी ऐकू येऊ लागले होते, हे आज प्रथमच कळले. आईच्या रक्ताची चाचणी करायचे ठरवले आहे.

भिंतीवर 'क' चिकटवला. आईने आज तीस सेकंद धरला, नंतर दहा मिनिटे मळमळत होते. इतके होणे ठीक आहे, की उद्या वेळ कमी करू?