मदत हवी आहे: लेकीला बुद्धिबळाचा समोरासमोर सराव

मंडळी, लेक दहा वर्षांची. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून पोरगी पटावरून उठत नाही. मोबाइलवर पटापट जिंकते, पण परवाच्या स्पर्धेत घोटाळा झाला. खेळायचा होता घोडा, हात लागला उंटाला. हात लावला की तोच मोहरा खेळायचा हा नियम, त्यात वजीर गेला. चाल लिहिण्याच्या नादात घड्याळ दाबायचंही राहिलं, तिचाच वेळ जात राहिला. घरी येईपर्यंत गाडीवर मागे गप्प बसून होती, मला ते बघवलं नाही.

कोल्हापुरात राजारामपुरी किंवा मंगळवार पेठेत संध्याकाळी घड्याळ लावून, चाली लिहून खेळणारं कुणी आहे का? शिकवणीचं नंतर बघू, आधी तिला समोर माणसं हवीत. आणि रेटिंग स्पर्धेत (जिच्या निकालावर खेळाडूचे अधिकृत गुण ठरतात) आत्ताच उतरवू की वर्षभर थांबू? ज्यांची मुलं खेळतात त्यांनी सांगा.