धबधब्यातलं रॅपलिंग (दोराने खाली उतरणं): दोराच्या टोकाला गाठ मारायची का?

घाटवाट: सांदण दरीच्या कोरड्या टप्प्यांवर आम्ही दोराच्या टोकाला गाठ मारतो, शिवाय प्रुसिक (हात सुटला तर दोरावर आवळून माणसाला थांबवणारी बारीक दोरीची गाठ). आता पाण्याची घळ उतरायचीय. ३० मीटरचा टप्पा, खाली खोल डोह. तेच चालेल ना?

कातळकडा: दोन्ही नको. धारेखाली प्रुसिक आवळला की माणूस पाण्याच्या माऱ्यात लटकतो, भार असताना प्रुसिक सुटत नाही. टोकाची गाठ डोहात डिसेंडरला (दोर ज्यातून सरकतो ते कंबरेचं साधन) अडकते. दोर मोजून सोडा, टोक पाण्याला जेमतेम टेकलं पाहिजे. मग माणूस दोरातून आपोआप निसटून पोहत बाजूला होतो. जास्तीचा दोर पायांत गुंततो. खाली डोहाऐवजी खडक असेल तर गाठ हवीच, आणि खालून एकाने दोर धरून ठेवायचा.

दोरवाला: अँकरला (वर दोर जिथे अडकवतो त्या जागेला) दोर कायमचा बांधू नका राव. अँकरच्या कॅरॅबिनरमध्ये (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीत) इंग्रजी आठच्या आकाराचा डिसेंडर लावून दोर म्यूल गाठीने (भार असतानाही सोडता येणाऱ्या गाठीने) अडकवा, वर पिशवीत तेवढाच, ३० मीटर, दोर राखून ठेवा. कोणी अडकलं की गाठ सोडून सरळ खाली उतरवता येतं. शेवटचा माणूस वर असतानाच खालून दोर ओढून तो सरकतो का बघा. नंतर अडकला तर बोंबला.

घाटवाट: हाका ऐकू येतील?

कातळकडा: छे! शिट्टी. १ थांब, २ दोर सोड, ३ वर ओढ, ४ दोर मोकळा.