चित्रकथा पानासाठी रचावी की फोनच्या पडद्यासाठी?

प्रश्न : रेषाविलास, सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. मे १९३० मध्ये आपल्या शहरावर लादलेला मार्शल लॉ आणि त्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांच्यावर एक चित्रकथा करावी, असे मनात आहे. चार पुतळ्यांजवळून रोज जाणाऱ्या मुलांपैकी अनेकांना ही नावे सांगता येत नाहीत, हे त्यामागचे कारण.

आराखडा मी सवयीने पानांच्या हिशेबाने केला. समोरासमोरच्या दोन पानांवर आडवा पसरलेला जमाव, खाली लहान चौकटी, अशी रचना केली. परंतु वर्गातील मुलांना ती फोनवर दाखवली तेव्हा त्यांनी बोटांनी चित्र मोठे करून एकेक कोपरा पाहिला. संपूर्ण पान असे कोणी पाहिलेच नाही. तेव्हापासून मी विचारात पडलो आहे. उभ्या, सरकत्या मांडणीमुळे चित्रकथेची कलाच बदलते, की ती केवळ वाचनाची वेगळी सोय आहे? तसेच एवढ्याशा पडद्यावर देवनागरी संवाद वाचनीय कसे ठेवावेत? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : उभीआडवी

सर, माझ्या मते कलाच बदलते. मात्र हा बदल साधनांमुळे झाला, असे जे नेहमी सांगितले जाते ते मला पटत नाही. संगणकावर काढलेले कॉमिक्स ही जुनी गोष्ट आहे. ‘शॅटर’ हे मॅकिंटॉश संगणकावर काढलेले अमेरिकी कॉमिक १९८५ मध्येच छापून विक्रीला आले होते. त्यातील रेषा खडबडीत आणि पायऱ्यापायऱ्यांची होती, पण पान ते पानच होते, आणि वाचणाऱ्याला वाचनाची कोणतीही नवी रीत शिकावी लागली नाही. खरा फरक पडतो तो वाचकाला एका वेळी किती दिसते यामुळे.

छापील पान उघडले की नजर आधी सगळ्या पानावरून फिरून येते आणि मगच पहिल्या चौकटीवर स्थिरावते. शेवटच्या चौकटीतील गोळीबार आपण वाचायला सुरुवात करण्याआधीच डोळ्यांच्या कडेला दिसलेला असतो. म्हणून अनुभवी चित्रकार धक्का पान उलटल्यानंतरच्या पहिल्या चौकटीसाठी राखून ठेवतात. सरकत्या मांडणीत हे बंधनही जाते आणि ही सोयही जाते. तेथे पुढचे काहीच दिसत नसते, त्यामुळे दोन चौकटींमधील मोकळी जागा हीच वेळ होऊन बसते. ती बोटभर ठेवली तर पुढचा क्षण लगेच येतो आणि पडदाभर ठेवली तर वाचक क्षणभर रिकाम्या जागेत अडकतो. कागदावर एवढी कोरी जागा सोडायची म्हटले की छपाईचा खर्च आडवा येतो. पडद्यावर ती फुकट आहे.

अमेरिकी कॉमिक्सकार व अभ्यासक स्कॉट मॅक्लाउड यांनी २००० साली ‘रीइन्व्हेंटिंग कॉमिक्स’मध्ये अनंत कॅनव्हासची कल्पना मांडली ती याच जाणिवेतून: पडदा हे पान नसून पलीकडच्या अमर्याद कागदाकडे पाहण्याची खिडकी आहे, असे तिचे सार सांगता येईल. कॅनव्हास सर्व दिशांना पसरेल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात रुळली ती वरून खाली जाणारी एकच दिशा. दक्षिण कोरियात दाउम आणि नेव्हर या संकेतस्थळांनी अनुक्रमे २००३ आणि २००४ मध्ये वेबटून, म्हणजे वरून खाली सरकवत वाचायच्या चित्रकथा, सुरू केले, तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन नव्हते. म्हणजे ही मांडणी माउसच्या चाकासाठी जन्मली आणि पुढे अंगठ्याला आयती सापडली.

आता आपल्या कथेविषयी. आडवा जमाव फोनवर मरतो, कारण तेथे रुंदीच नसते. तोच जमाव उंचावरून, भुईकोट किल्ल्याच्या बुरुजावरून पाहावा तसा उभा काढला, तर अंगठा सरकत जाईल तसा रस्ता भरत जाईल. चौघा हुतात्म्यांचे मात्र मला कोडे वाटते. पानावर चौघे एकत्र दिसतात आणि त्यांचे एकत्र असणे हाच आशय होतो. सरकत्या मांडणीत ते एकामागून एक येतात आणि कोणीतरी पहिला, कोणीतरी शेवटचा ठरतो. हा निर्णय तंत्राचा नाही, आपला आहे.

एक गोष्ट कृपया करू नये. छापील पानाच्या चौकटी कापून त्या एकेक करून दाखवणे हा ‘कॉमिक्सोलॉजी’ या डिजिटल कॉमिक्सच्या सेवेने गाइडेड व्ह्यू या नावाने रूढ केलेला मार्ग जुन्या कॉमिक्सच्या वाचनासाठी ठीक होता. नवी कथा त्यासाठी रचणे म्हणजे दोन्हींकडचा तोटा पत्करणे होय.

उत्तर : अक्षरजुळणी

मी डीटीपीचे काम करतो, म्हणून केवळ अक्षरांविषयी लिहितो. इंग्रजी कॉमिक्समधील संवाद बहुधा कॅपिटल अक्षरांत असतात, त्यामुळे ओळीची उंची एकसारखी राहते. आपल्याकडे शिरोरेखेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार येतात. संवादाच्या ज्या फुग्यात इंग्रजीच्या तीन ओळी बसतात तेथे मराठीच्या दोनच नीट बसतात. इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी वेताळ वाचलेल्यांनी ते अंक पुन्हा काढून पाहावेत: मूळ इंग्रजीसाठी आखलेल्या फुग्यांत मराठी संवाद बसवण्याची कसरत तेथे दिसेल.

सरकत्या मांडणीने ही अडचण बरीच दूर केली आहे, आणि माझ्या दृष्टीने मराठीला तिचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. फुगा चौकटीत कोंबण्याची गरज उरत नाही. तो दोन चौकटींमधील मोकळ्या जागेत निम्मा किंवा पूर्ण बाहेर काढता येतो आणि चित्र न झाकता हवा तेवढा पसरता येतो. मजकूर चित्रापासून वेगळ्या लेयरवर (संगणकातील स्वतंत्र थरावर) ठेवावा. आपल्या शहरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुले पुष्कळ आहेत. उद्या ती आवृत्ती काढायची झाली तर चित्राला हात न लावता फक्त लेयर बदलता येईल.

फॉन्ट युनिकोडचाच घ्यावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांची भेळ होते. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा विनामूल्य फॉन्ट निवेदनासाठी लहान आकारातही स्वच्छ दिसतो. त्याच संस्थेचा ‘बलू’ गुबगुबीत व खेळकर आहे. विनोदी पट्टीसाठी तो उत्तम, पण फाशीच्या प्रसंगाला शोभणार नाही. घोषणा आणि आरोळ्या मात्र आपण स्वतःच्या हातानेच लिहाव्यात. शिरोरेखा तोडणे, अक्षर वाकवणे, काना लांबवणे ही ताकद हाताकडे आहे, आणि टॅबवर ती कागदाइतकीच टिकते.

उत्तर : जुनाअंक

वरील उत्साहात थोडे पाणी घालतो. वाचकाने एका वेळी एकच चित्र पाहावे आणि गती दाखवणाऱ्याच्या हाती असावी, यात नवे काय आहे? सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र पुढे धरून गात कथा सांगतात. पुढचे चित्र कधी दाखवायचे ते तेच ठरवतात. छापील पानाने उलट वाचकाला मोकळीक दिली होती: थांबा, मागे जा, दोन चौकटी शेजारी ठेवून ताडून पाहा. सरकत्या मांडणीत मागे जाणे शक्य असते, पण कोणी जात नाही.

दुसरे म्हणजे मूळ चित्राचा प्रश्न. बेल्जियन चित्रकार एर्जे यांनी आपल्या ‘टिनटिन’ या चित्रकथेच्या एका मुखपृष्ठासाठी रंगवलेले चित्र २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात ३० लाख युरोंहून अधिक किमतीला गेले. टॅबवर काढलेल्या चित्राची अशी मूळ प्रतच नसते. सरांनी निदान दोन-तीन मोठे प्रसंग कागदावर शाईने काढावेत आणि मग स्कॅन करावेत. शाळेच्या भिंतीवर लावायला काहीतरी राहील.

रेषाविलास

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जमाव उंचावरून काढण्याची सूचना मी लगेच स्वीकारतो. आणखी दोन शंका आहेत. एक सहकारी म्हणतात की चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घ्यावीत, म्हणजे काम लवकर संपेल. तसेच फोनसाठी केलेले काम पुढे पुस्तकरूपात छापता येईल का?

उत्तर : उभीआडवी

सहकाऱ्यांना अमेरिकेतील एक प्रकरण सांगावे. ‘झारिया ऑफ द डॉन’ या कॉमिकमधील चित्रे मिडजर्नी हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरून केलेली होती. तेथील कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या चित्रांवरील हक्क नाकारला, परंतु मजकूर आणि चित्र-मजकुराची निवड व मांडणी यांवरील लेखिकेचा हक्क मान्य केला. तो निर्णय तिकडच्या कायद्यापुरता आहे. तरीही चित्रकथेत मांडणी हीच स्वतंत्र निर्मिती आहे, याला त्यातून दुजोरा मिळतो. आपल्या बाबतीत अडचण अधिक मोठी आहे. १९३० मधील गिरणी कामगाराचा पेहराव, पोलिसाचा गणवेश, तेव्हाचे रस्ते हे सारे यंत्र आत्मविश्वासाने चुकीचे काढेल आणि विद्यार्थी तेच खरे समजतील.

छपाई शक्य आहे, पण तयारी आधीपासून हवी. वेबटूनच्या संकेतस्थळावर चित्राची रुंदी साधारण ८०० पिक्सेल लागते. तेवढेच चित्र ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापले तर ते जेमतेम पावणेसात सेंटीमीटर रुंद येईल. म्हणून मूळ चित्र तिप्पट-चौपट रुंदीचे काढावे आणि फोनसाठी लहान करावे. प्रत्येक चौकट स्वतंत्र ठेवावी, कारण पुस्तक करताना त्या पुन्हा पानावर रचाव्या लागतील आणि मोकळ्या जागांनी जो वेळ घेतला होता तो तेथे चौकटींच्या आकारातून साधावा लागेल. रंगही एकदा छापखान्यात नमुना काढून पाहावेत. पडद्यावरचा झगझगीत निळा आणि हिरवा छपाईच्या चार शाईंत तसा उतरत नाही.